काळा काटा आणि तांबडा काटा

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे. मनगटावरचे नव्हे आणि भिंतीवरचेही नव्हे. बाजारचौकातल्या ज्या मनोऱ्यात तुम्ही आत्ता उभे आहात, त्या मनोऱ्याचे. मघाशी तुम्ही धापा टाकत, एकमेकांना कोपरे मारत जिना चढून वर आलात, तेव्हा मला फार बरे वाटले. इतके पाय एकदम या जिन्यावर वाजल्याला कित्येक वर्षे झाली.

तुमच्यातल्या एकीने खुंटीला टांगलेला तो लांब काळा काटा पाहिला आणि विचारले, "घड्याळाला तासकाटा आहे, मिनिटकाटा आहे. मग हा तिसरा कुणाचा?" तुमच्या बाईंनी इकडेतिकडे पाहिले. बरोबर आलेला नगरपालिकेचा माणूस म्हणाला, "असेल काहीतरी जुनं. येत्या आठवड्यात सगळं भंगारात जायचंय." आणि तो खाली फोनवर बोलायला निघून गेला. तो काटा माझा आहे, मित्रांनो. तो का केला, का काढला आणि का जपला, हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे. म्हणून आज तोंड उघडतो. एरवी टोल देण्यापलीकडे मी कधी कुणाच्या अध्यातमध्यात पडलो नाही.

माझा जन्म एका लोहाराच्या आणि एका घड्याळजीच्या भांडणातून झाला. लोहार म्हणे चाके जाड हवीत, घड्याळजी म्हणे हलकी हवीत. दोघांनी एकमेकांचे कान किटवले, पण चाके अशी उतरली की आजही एक दात झिजलेला नाही. दोराला टांगलेली लोखंडी वजने, माणसाच्या उंचीचा लंबक, वर पितळी घंटा, आणि बाहेर चुनेगच्ची तबकडीवर दोन काळे काटे. मला वर चढवले त्या दिवशी सारा बाजार माना वर करून उभा होता. लोकांच्या माना अवघडल्या आणि माझी मान ताठ झाली.

मला सांभाळायला जो माणूस नेमला, त्याला सगळे चावीकाका म्हणत. उंच, किडकिडीत, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्याहून मऊ. बायको लवकर गेली. मागे राहिली एक लेक, चिमी. ती रांगायला लागली ती याच खोलीत आणि बोलायला लागली तीही माझ्या टिकटिकीच्या तालावर. माझ्या चाकांना तेल द्यायचा एक छोटा पाना होता, तो तिचे खेळणे. जेवायची वेळ झाली की खालून जिन्याच्या कठड्यावर ती त्या पान्याने वाजवी. टक टक, मग जरा थांबून, टक. काका कितीही कामात असोत, ते तीन ठोके ऐकले की हात पुसत खाली जात.

आता मला वेळ कोण सांगत असे, ते ऐका. त्या समोरच्या भिंतीत बोटभर भोक दिसते ना? त्यातून उन्हाचा एक ठिपका आत येतो आणि जमिनीवरून सरकत जातो. जमिनीत बसवलेली पितळेची पट्टी पाहा. ठिपका त्या पट्टीवर आला की सूर्य गावाच्या बरोब्बर माध्यान्ही आला, म्हणजे गावाचे बारा वाजले. सूर्यही वर्षभर अगदी काटेकोर नसतो, कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे. तेवढी चूकभूल काका भिंतीवरचा तक्ता पाहून वळती करून घेत आणि मला जुळवत. माझ्या गुरुस्थानी साक्षात सूर्य होता म्हणून मी थोडा शिष्ट होतो, हे खरे आहे.

चिमी सहा-सात वर्षांची असेल. एकदा तिने विचारले, "बाबा, आपले बारा वाजतात तेव्हा सगळीकडेच वाजतात का?"

काकांनी कंदील पेटवून स्टुलावर ठेवला आणि तिला समोर उभे केले. "हा सूर्य. तुझं डोकं म्हणजे पृथ्वी आणि तुझं नाक म्हणजे आपलं गाव. नाकाच्या डाव्या बाजूला तीळ आहे ना, ते पूर्वेचं मोठं शहर. आणि उजवा गाल म्हणजे पश्चिमेचा मुलूख. आता कंदिलाकडे पाठ कर आणि डावीकडे वळत वळत स्वतःभोवती फीर. सावकाश! भोवरा नाहीयेस तू."

ती फिरू लागली. काका ओरडून सांगू लागले, "शहरात ऊन आलं! आता आपल्या गावात आलं! आता उजव्या गालावर!"

"पण बाबा," ती फिरता फिरता म्हणाली, "मला तर दिवाच फिरताना दिसतोय."

"सगळ्यांना तसंच दिसतं, बाळा. सूर्य जागचा हलत नाही. आपणच पश्चिमेकडून पूर्वेकडे गिरकी घेतो आणि म्हणतो, सूर्य उगवला. म्हणून पूर्वेच्या माणसाची सकाळ आधी, पश्चिमेच्या माणसाची नंतर."

मग त्यांनी तिला हिशोब शिकवला. पृथ्वीच्या अंगावर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत तीनशे साठ रेषा आखल्या आहेत असे माना, सोललेल्या संत्र्यावरच्या फटींसारख्या. ते रेखांश. एका पूर्ण गिरकीला चोवीस तास लागतात. म्हणजे तासाला पंधरा रेखांश सूर्यासमोरून जातात आणि एका रेखांशाला चार मिनिटे पुरतात. मोठे शहर आपल्या पूर्वेला सहा रेखांशांवर. "सहा चोक?" काकांनी विचारले.

"चोवीस!"

"म्हणून तिळावर बारा वाजले की नाकावर वाजायला चोवीस मिनिटं कमी असतात. ज्याचा त्याचा सूर्य, ज्याचे त्याचे बारा. त्यात खोटं कुणीच नाही."

ज्याचे त्याचे बारा. गाव या वाक्यावर सुखाने जगत होते, कारण बैलगाडीने शहराला पोचायला इतके दिवस लागत की चोवीस मिनिटांना कोण विचारतो?

मग आली आगगाडी. आगगाडीबरोबर स्टेशन आले, स्टेशनबरोबर तारायंत्र आणि तारेतून आली शहराची वेळ. सगळ्या मार्गावर सगळ्या गाड्या शहराच्या घड्याळाने धावणार असे ठरले. गावकरी माझ्याकडे पाहून निघत आणि गाडी त्यांना शेपूट दाखवून गेलेली असे. स्टेशनमास्तर म्हणत मनोरा मागे आहे, चावीकाका म्हणत स्टेशन उतावीळ आहे. शेवटी पंच बसले. दोन्ही बाजूंना नाराज करू नये, ही पंचांची जुनी खोड. त्यांनी ठरवले की मला आणखी एक मिनिटकाटा लावायचा. काळा काटा गावाचा, तांबडा काटा गाडीचा. दोन्ही एकाच दांड्यावर, तांबडा नेहमी चोवीस मिनिटे पुढे. काळा फिरला की तांबडा आपोआप फिरणार. घंटा मात्र काळ्यानेच वाजेल, एवढे काकांनी हट्टाने मान्य करून घेतले. तासकाट्याची स्थिती दोन घरच्या पाहुण्यासारखी झाली. त्याने नक्की कुणाचे ऐकायचे, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

पण गावाने काय मजेत जुळवून घेतले! भेटायचे ठरले की पहिला प्रश्न असे, "काळ्याने की तांबड्याने?" जेवायचे बोलावणे काळ्याने, गाडी अर्थात तांबड्याने, शाळा काळ्याने, टपाल तांबड्याने. मनोऱ्याखाली एक शिंपी होता. तो दुकान काळ्याने उघडी आणि तांबड्याने बंद करी. कुणी टोकले तर म्हणे, "मी दोन्ही काट्यांना मान देतो. एकाला सकाळी, एकाला संध्याकाळी." शाळेतल्या पोरांनीही हेच मागितले होते, पण मास्तर शिंप्यापेक्षा हुशार निघाले.

तांबड्या काट्याला मान न देणारा गावात एकच माणूस होता आणि तो माझाच चावीकाका. तो काटा ते पुसत, त्याला तेल देत, पण त्याच्याकडे पाहून कधी भाकरीचा तुकडा मोडला नाही की झोपायला गेले नाहीत. आगगाडीच्या डब्यात पाय ठेवणार नाही, अशी शपथच घेतली होती त्यांनी. लोक हसत. मला मात्र आत कुठेतरी बरे वाटे. आपल्या बाजूने कुणी हट्ट धरला की कुणाला बरे वाटत नाही?

आणि याच घरातली मुलगी तारायंत्र शिकली. चिमी मोठी झाली होती. तिची बोटे पान्याच्या ठोक्यांवर वाढलेली, तारेच्या कळीवर ती अशी चालत की स्टेशनमास्तरांनी तिला स्वतःच्या शेजारी बसवले. रोज तांबड्याने बारा वाजता शहरातून तारेवर वेळेचा ठोका येई आणि मार्गावरची सगळी स्टेशने आपापली घड्याळे जुळवत. तो ठोका गावात सगळ्यात आधी चिमीला ऐकू येई. घरात मग दोन वेळा नांदू लागल्या. ती तांबड्याने कामावर जाई, ते काळ्याने तिची जेवायला वाट पाहत. बापलेकीत रोज चोवीस मिनिटांची कुरबुर होई आणि जेवणाबरोबर संपून जाई.

एके दिवशी मात्र ती संपली नाही. चिमी संध्याकाळी जिना चढून वर आली. तिची बदली झाली होती, बढतीवर. मार्गाच्या पश्चिम टोकाचे स्टेशन, आपल्या गावापासून नऊ रेखांश पलीकडे.

"बाबा, उजव्या गालावर," ती हसून म्हणाली. तिला वाटले होते ते हसतील.

काका चावी फिरवत होते, ते थांबले. "आधी त्या तारेनं माझा सूर्य खोटा ठरवला. आता माझी लेक न्यायला निघाली."

"सूर्याला खोटं कोण म्हणतंय? पण रूळ एकच आहे, बाबा. तिकडची गाडी तिकडच्या सूर्याने नऊला सोडायची आणि इकडची आपल्या सूर्याने. दोघी मध्येच समोरासमोर आल्या, तर सूर्याला सांगायचं का, जरा बाजूला हो म्हणून? गाड्यांना एकच वेळ लागते."

"मला शिकवू नकोस. मी शिकवलंय तुला."

"तुम्हीच शिकवलंत. तुम्हीच म्हणालात, ज्याचे त्याचे बारा. मग माझे बारा का सहन होत नाहीत तुम्हाला?"

उत्तर नव्हते, म्हणून काकांना राग आला. उत्तर नसले की माणसाला फार राग येतो, हे मी इथून वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ते म्हणाले, "जा मग. जा तुझ्या तांबड्याकडे. इथे कुणी अडवलेलं नाही."

तिचे डोळे भरून आले. ती खाली गेली आणि निघायच्या दिवसापर्यंत स्टेशनमास्तरांच्या घरी, त्यांच्या बायकोकडे राहिली. कठड्यावर ठोके वाजले नाहीत. काका जेवायला खाली जायचे ते कुणी बोलावले म्हणून नाही, पोट बोंब मारते म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी शिंपी वर आला. "काका, लेक उद्या दहाच्या गाडीने निघतेय. मोडेल पण वाकणार नाही असं करू नका. जा जरा."

काका लंबक पुसत राहिले. पण शिंपी गेल्यावर त्यांनी तो छोटा पाना शोधून काढला. गंज घासला, तेल लावले, फडक्याने पुसून लखलखीत केला आणि कोटाच्या खिशात ठेवला. मला म्हणाले, "देऊन येतो. आणि सांगतो, की मी बोललो ते मनावर घेऊ नकोस." मला इतका आनंद झाला की माझा लंबक जरा जास्तच झुलला असेल.

दुसऱ्या दिवशी ते लवकर उठले, स्वच्छ कपडे घातले आणि इथेच बसून राहिले. लेकीला काय काय सांगायचे, ते मलाच सांगत होते. तिकडे माझा तांबडा काटा वर वर चढत होता. माझे तोंड स्टेशनकडे आहे, मला सगळे दिसत होते. चिमी फलाटावर उभी होती. ती सारखी रस्त्याकडे पाहत होती. मग गाडीत बसली आणि खिडकीतून माझ्याकडे पाहू लागली. तांबडा काटा बरोबर बारावर आला. शिट्टी झाली. मित्रांनो, मला टोल देता येतो, हाक मारता येत नाही. आणि टोल काळ्याने ठरलेला.

शिट्टी काकांनी ऐकली. "मालगाडी असेल," ते म्हणाले आणि कॉलर नीट करून आरामात जिना उतरले. काळ्या काट्याने दहाला अजून भरपूर वेळ होता.

गावात कुणीही, अगदी कुणीही, साध्या पारावर गप्पा मारायला जायचे तरी विचारत असे, काळ्याने की तांबड्याने? विचारले नाही ते एकट्या काकांनी. गाडी तांबड्याने असते हे शेंबड्या पोराला ठाऊक, म्हणून शिंप्याने सांगितले नाही. आणि लेकीशी अबोला, म्हणून तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. ज्याने आयुष्यभर एकाच काट्याकडे पाहिले, त्याच्या मनातले दहा काळेच असणार.

ते फलाटावर पोचले तेव्हा हमाल पट्ट्या गुंडाळत होता. काका म्हणाले, "दहाची गाडी यायचीय ना अजून?"

हमाल त्यांच्याकडे पाहत राहिला. "काका, गेली की ती. केव्हाच."

आणि तेव्हाच माझी घंटा वाजू लागली. थांबता आले असते तर थांबलो असतो, पण दहा टोल देणे माझे कामच होते. प्रत्येक टोलाला काकांचे खांदे थोडे थोडे खाली आले. मग ते बाकावर बसले. खिशातला पाना बाहेर काढून हातात धरला आणि रुळांकडे पाहत राहिले. हमालाने पाणी आणून दिले, ते तसेच राहिले.

तिची समजूत झाली की बाबा आलेच नाहीत. तिचे पत्र आले नाही. शिंपी दर दोन दिवसांनी वर येऊन सांगे, "काका, तुम्ही लिहा ना."

"काय लिहू?" काका एकदा म्हणाले. "सगळ्या गावाला वेळ दाखवणाऱ्याची वेळ चुकली, असं लिहू? लेकीच्या वेळेला?" त्या चुकीवर गावात कुणी हसले नाही. पाठीमागेही नाही. मी उंचावर असतो, मला पाठीमागचे बोलणे आधी ऐकू येते.

पुढे आभाळ भरून आले आणि कितीतरी दिवस सूर्य दिसलाच नाही. भोकातून ठिपका येईना. थंडीने माझ्या चाकांतले तेलही घट्ट झाले आणि मी मागे पडू लागलो. काळा मागे, म्हणून तांबडाही मागे. चार-दोन लोकांच्या गाड्या चुकल्या. तेव्हा स्टेशनमास्तर स्वतः जिना चढून आले. काकांना वाटले, आता हा भांडणार. पण तो भला माणूस म्हणाला, "काका, ढगांवर तुमचा इलाज नाही. बाराच्या ठोक्याला स्टेशनवर या. वेळ लावून घ्या आणि परत या. आणखी कुणाची गाडी चुकायला नको."

ते शेवटचे वाक्य काकांना लागले. दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढचे मी पाहिले नाही, पण काकांनी ते मला चावी देता देता इतक्या वेळा सांगितले की पाहिल्यासारखेच आहे.

तारायंत्राच्या खोलीत ते कोपऱ्यात उभे राहिले. शहरातून बाराचा ठोका आला. मग मार्गावरचे एकेक स्टेशन, पूर्वेकडून पश्चिमेकडे, ‘वेळ मिळाली’ असे कळवू लागले. काकांना तारेची भाषा येत नव्हती, त्यांना ती नुसती कडकड वाटत होती. सगळ्यात शेवटी टोकाच्या स्टेशनची पाळी आली. त्याची कडकड संपली, आणि मागोमाग तीन ठोके आले. टक टक, मग जरा थांबून, टक.

काकांनी टेबलाची कड धरली. "हे... हे काय होतं?"

"ते?" स्टेशनमास्तर म्हणाले. "त्या शेवटच्या तीन ठोक्यांना काही अर्थ नाही. टोकाच्या स्टेशनवर बसल्यापासून रोज करते ती. सवय असेल हाताची."

"सवय नाही हो," काका म्हणाले. "मला जेवायला बोलावतेय ती."

रोज. रागावलेली असताना, बाप आला नाही असे समजत असताना, रोज बाराला ती तारेवरून हाक मारत होती, कुणाला ऐकू जाईल अशी आशा नसताना. आणि ज्या तांबड्या काट्याचा काकांनी जन्मभर दुस्वास केला, त्याच काट्याचे बारा तिच्याकडे आणि इथे एकाच क्षणी वाजत होते. सूर्य दोघांचा वेगळा, त्याच्या हिशोबाने बापलेकीत नऊ चोक छत्तीस मिनिटांचे अंतर. पण तारेवर दोघे अगदी शेजारी होते.

"एक निरोप पाठवता येईल?" त्यांनी विचारले.

"ही तार कामाची आहे, काका," स्टेशनमास्तर म्हणाले. मग त्यांनी दार लोटून घेतले आणि कळीवर बोट ठेवले. "बोला, काय पाठवू?"

काका यंत्रापाशी सरकले. मग म्हणाले, "एवढंच पाठवा. आलो होतो. काळ्याने."

स्टेशनमास्तर याच गावात राहणारे. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी निरोप पाठवला. खूप वेळ काहीच आले नाही. काका म्हणाले, "जाऊ दे. कामात असेल." ते वळले आणि यंत्र खडखडू लागले. स्टेशनमास्तरांनी ऐकून घेतले, चष्मा काढून पुसला आणि वाचून दाखवले, "बाबा, मी खिडकीतून मनोऱ्याकडेच बघत होते. आता तांबड्याने या."

काका गेले. जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसले. त्या सकाळी माझ्या तांबड्या काट्याकडे इतक्या वेळा पाहिले की तो बिचारा लाजून आणखी लाल झाला असेल. फलाटावर ते हमालाच्याही आधी हजर होते. माझी चावी शिंप्याकडे दिली होती. त्याने ती काळ्याने फिरवली की तांबड्याने, देव जाणे, पण मी थांबलो नाही.

परत आले ते वेगळेच माणूस होऊन. मला सांगत होते, "अरे, तिच्या घड्याळात बारा वाजले होते आणि सावल्या अजून पश्चिमेकडेच झुकलेल्या. सूर्य तिथे एक अख्खा तास मागे. उजव्या गालावर उभा राहून आलो मी!" पाना लेकीला दिला होता. त्यानंतर त्यांचा रोजचा नेम ठरला. तांबड्या बाराला स्टेशनवर जायचे, ते तीन ठोके ऐकायचे आणि मग लगबगीने जिना चढून काळ्या बाराला, ढग नसतील तर, ठिपका पट्टीवर येताना पाहायचा. पहिले बारा लेकीचे, दुसरे सूर्याचे. दिवसातून दोनदा बारा वाजतात असा दुसरा सुखी माणूस मी पाहिला नाही.

पुढे निरनिराळ्या देशांनी ठरवले की गावागणिक वेळ ठेवून भागणार नाही. पृथ्वीच्या चोवीस फोडी मानल्या. एक फोड साधारण पंधरा रेखांशांची, म्हणजे एका तासाची. एका फोडीतल्या सगळ्यांचे घड्याळ एक, शेजारच्या फोडीत गेले की एक तास पुढे किंवा मागे. नकाशावर त्या फोडींच्या कडा तुम्हाला वाकड्यातिकड्या दिसतील, कारण देशांनी आपापल्या सोयीने त्या वळवल्या. कुणी अर्ध्या तासाचाही हट्ट धरला. माणसे पंचांसारखीच असतात. आपले गाव शहराच्याच फोडीत आले आणि हुकूम निघाला, काळा काटा उतरवा.

गावाला वाटले, चावीकाका आता मनोऱ्याला कुलूप लावून बसणार. पण ते स्वतः चढले, स्वतः काटा सोडवला, पुसला आणि त्या खुंटीला टांगला. शिंपी हळहळला. "तुमचा काटा हरला, काका."

"हरला कसला?" काका म्हणाले. "खरा आहे तो अजून. पण आपल्या माणसांशी वेळ जुळवायची, तर आपली थोडी बाजूला ठेवावी लागते. ठेवलीय. टाकलेली नाही."

काका गेले. नोकरी संपल्यावर चिमी गावी परतली आणि केस पिकेपर्यंत तिने मला चावी दिली, त्याच पान्याने तेल घातले. मग तीही गेली. विजेची घड्याळे आली, मग प्रत्येकाच्या खिशात आपोआप जुळणारी वेळ आली. माझी वजने खाली टेकली ती टेकलीच. आता माझ्यात कबुतरे राहतात. त्यांची माझ्याविषयी काही तक्रार नाही, माझी त्यांच्याविषयी थोडी आहे.

मला थांबल्याचे दुःख आहे, मित्रांनो, ते लपवत नाही. चावी त्या काट्याच्या मागेच टांगलेली आहे. कुणी आठवड्यातून एकदा फिरवली, तर मी अजून चालेन. पण माझे काही झाले तरी तो काळा काटा भंगारात जाऊ देऊ नका. नगरपालिकेच्या माणसाला सांगा तो कुणाचा ते. आता तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या बाई खाली चला म्हणताहेत. पण जरा जमिनीकडे पाहा. ठिपका पट्टीजवळ आला आहे. तुमच्या घड्याळांत बारा वाजून गेले असतील, तरी गावाचा सूर्य आत्ता कुठे डोक्यावर येतो आहे. आणि उद्या तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबा, बहीण, मित्र दूरच्या फोडीत राहायला गेले, फोन उचलला नाही, येतो म्हणून आले नाहीत, तर लगेच रुसून गाडीत बसू नका. आधी एकदा विचारा, "काळ्याने की तांबड्याने?" कदाचित ते आले असतील, वेळेच्या आधी, स्वच्छ कपडे घालून, खिशात तुमच्यासाठी काहीतरी घेऊन.